अण्णांच्या होडीचा साचा

अण्णा हयात होते तोवर त्यांनी मुलाच्या मिरजोळ्यातल्या कारखान्यात पाऊल टाकलं नाही. ते गेल्यावर तीन वर्षांनी त्यांची होडी मात्र टेम्पोत बसून तिथे आली. उलटी घातलेली, दोरखंडाने आवळलेली, मागे लाल फडकं बांधलेली. एमआयडीसीच्या वळणावर चहावाल्याने विचारलं, "दीपकशेठ, दुरुस्तीला का?" दीपक म्हणाला, "नाही, हिचा साचा काढायचाय." बोलला खरा, पण बोलताना त्याने आवाज खाली घेतला. होडीला ऐकू जाईल असं त्याला उगाचच वाटलं.

दीपकचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. तिथे फायबरच्या वस्तू व्हायच्या. पाण्याच्या टाक्या, न्हाणीघराची दारं, बागेतले बाक, बालवाडीच्या घसरगुंड्या, आणि अधूनमधून होड्या. काचेच्या धाग्यांची चटई साच्यात अंथरायची, तिच्यावर चिकट रेझिन ओतायचं, रोलर फिरवून आतली हवा काढायची आणि थरावर थर देत जायचं. काच एकटी घेतली तर फुटते, रेझिन एकटं घेतलं तर तडकतं, पण दोघं एकमेकांत मुरली की हातोडा मारला तरी नुसता ठण्ण आवाज होतो. हे दीपक प्रत्येक गिऱ्हाईकाला इतक्या कौतुकाने सांगायचा, की काचेचं आणि रेझिनचं लग्न यानेच जमवलं की काय असं ऐकणाऱ्याला वाटावं.

अण्णा होड्या बांधणारे सुतार. भाट्याच्या खाडीकाठी त्यांचं घर, घरापुढे उंडीचं जुनं झाड, आणि त्या झाडाखाली त्यांचं राज्य. कागद नाही, आराखडा नाही, माप म्हणाल तर हाताची वीत. होडीचा कणा मांडून फळ्या चढायला लागल्या की अण्णा लांब जाऊन उकिडवे बसायचे, एक डोळा मिटायचे आणि नुसते बघत राहायचे. गिऱ्हाईक चुळबुळ करायचं, कपातला चहा गार व्हायचा, पण अण्णा हलायचे नाहीत. मग एकदम उठून फळीवर तासणीचे दोन हात मारायचे आणि पुन्हा लांब जाऊन बसायचे. दीपक शाळेतून आला की दप्तर फेकून त्या भुशात लोळायचा. केसांत ढलप्या, कानात भुसा, नाकात ताज्या फणसाच्या लाकडाचा वास. रात्री ताटात भुसा पडला की आई ओरडायची. ते दिवस आठवले की बावन्न वर्षांचा दीपक आजही कामगारांवर विनाकारण खेकसायचा.

अण्णांच्या राज्यात एक खातं मात्र दीपकच्या आईचं होतं. हौसाचं. होडीला लावायचं तेल ती काढायची. राजापूरकडून एसटीच्या टपावर काजूच्या टरफलांची पोती यायची. ती टरफलं मडक्यात भरून भट्टीवर चढवली की खाली काळं, दाट, उग्र तेल ठिबकायचं. धुराने अख्खी वाडी खोकायची. अंगावर थेंब उडाला तर फोड आलाच समजा. पण लाकडाला लावलं की ते तेल हळूहळू वाळून असं काही घट्ट बसायचं, की ना पाणी आत शिरायचं, ना खाऱ्या पाण्यातला किडा जवळ फिरकायचा. पुढे डिप्लोमाला पॉलिमरचा धडा आला तेव्हा दीपकच्या डोक्यात प्रकाश पडला, की आपली आई जन्मभर मडक्यात हेच शिजवत आलीय. त्याने घरी येऊन तिला मोठ्या थाटात तसं सांगितलंही. ती म्हणाली, "माला ठाऊक असलेलां शिकायला तू एवढ्या लांब गेलास?"

ते तेल ठेवायला माजघरात एक चिनी मातीची बरणी होती. खाली पांढरी, वर तपकिरी, कोकणातल्या कुठल्याही घरात लोणच्याची असते तशी. पत्र्याचा डबा त्या तेलाने काळवंडायचा, प्लास्टिकचा कॅन मऊ पडून चिकट व्हायचा. चिनी मातीला मात्र कशाचंच काही नाही. मीठ घाला, आंबट घाला, जहाल तेल घाला, ती आपली थंडगार बसून. फक्त आपटायची नाही.

आणि त्या घराची एक रीत होती. होडी पाण्यात जायच्या आधी तेलाचा पहिला हात तिच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, घरच्या बाईने द्यायचा. कुंचल्याने नाही, तळहाताने. नंतर बाकीची होडी कुणी का रंगवेना. त्यामुळे हौसाचे तळवे बारा महिने काळे. लग्नकार्यात ती हात पदराखाली दडवून बसायची, आणि अण्णा मुद्दाम चार माणसांत म्हणायचे, "माझ्या होड्या हिच्या हातामुळे तरंगतात." एवढं ऐकलं की पदराखालचे हात बाहेर यायचे.

दीपक मुंबईला फायबरच्या कंपनीत काही वर्षं काढून परत आला तो मिरजोळ्याला शेड टाकायचं ठरवूनच. अण्णा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, भांडून मोकळे झाले असते दोघेही. पण कुणी विचारलं, "अण्णा, मुलगा काय करतो?" तर ते शांतपणे सांगायचे, "बालद्या करतो." बंदरातल्या होड्या एकेक करत फायबरच्या झाल्या तसं उंडीच्या झाडाखालचं गिऱ्हाईक आटत गेलं. लाकूड मिळेना, मिळालं तर परवडेना. शेवटी अण्णांनी एक छोटी होडी कुणी मागितलेली नसताना बांधली. हातांना काम पाहिजे म्हणून. ती त्यांनी विकलीही नाही. त्यांनी बांधलेल्या सगळ्या होड्यांतली तेवढी एकच आता उरली होती. बाकीच्यांचं कुणी सरपण केलं, कुणी हॉटेलच्या दारात शोभेला लावून कुजवल्या.

गणपतीपुळ्याचा शौनक टाकीचं ठरवायला दीपकच्या घरी आला होता. तिशीतला मुलगा, घरचं लॉजिंग, खाडीत पर्यटकांना फिरवायचा नवा विचार डोक्यात. टाकीचं राहिलं बाजूला. भाट्याच्या घरामागे माडाच्या झापांखाली शाकारून ठेवलेली ती होडी त्याच्या नजरेला पडली आणि गडी तिच्याभोवती फिरतच राहिला. "काका, असला आकार मी कुठे बघितला नाही. मला ह्याच पाहिजेत. फायबरच्या. सहा."

दीपकचा जीव हरखला, आणि लगेच धास्तावलाही. लाकडी होडीवरून साचा काढायचा तर आधी तिला लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून, आरशासारखी गुळगुळीत करायची. मग मेणाचे हात द्यायचे, म्हणजे वर चढवलेलं फायबर लाकडाला धरत नाही. वाळलं की टोपण काढावं तसा साचा निघतो. हे झालं सगळं सरळ पार पडलं तर. अण्णांची होडी बाहेरून दिसायला ठीक होती, पण आतून फळ्या भुसभुशीत झाल्या होत्या. दोन पावसाळे काढले असते तर खूप. साचा एकदाच निघणार होता. नीट निघाला तर अण्णांचा आकार राहिला, नाहीतर गेला तो कायमचा. कागदावर तो कुठेच नव्हता.

हौसाला विचारलं तेव्हा ती आधी मागे जाऊन, झापं सारून होडी बघून आली. मग म्हणाली, "आकार काय तो काढून घे. पण माझी होडी माला परत आणून दे."

"आणतो, आये. जशी नेली तशी आणतो," दीपक म्हणाला.

त्या होडीला त्याने कारखान्यातल्या कुणाला हात लावू दिला नाही. सुजय हा त्याचा जुना, भरवशाचा कारागीर, पण त्यालासुद्धा फक्त पॉलिश पेपर फाडून द्यायचं काम. लांबी भरताना तासणीच्या खुणा दीपकच्या तळव्याला लागायच्या. खोलगट, एकाच तिरप्या ओळीत पडलेल्या, अगदी अण्णांचा हात. त्या बुजवताना त्याला फार वाईट वाटलं. तरी काम त्याने चोख केलं. शेवटी मेण घासून झालं तेव्हा उलट्या होडीच्या पाठीवर शेडचे पत्रे दिसायला लागले. सुजय म्हणाला, "शेठ, दाढी करून घ्या हिच्यात बघून."

फायबर चढवायच्या दिवशी हौसा स्वतः डबा घेऊन आली. रिक्षा करून, नवं लुगडं नेसून. पहिल्यांदाच येत होती ती. दीपकने तिला सगळी शेड फिरून दाखवली, टाक्या दाखवल्या, घसरगुंडीवर हात फिरवायला लावला. ती म्हणाली, "गुळगुळीत हाय." मग होडीजवळच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही जेवा जा. मी बसत्ये हिच्याजवळ." सगळे पलीकडे डबे उघडून बसले. कोलंबीचं कालवण होतं, त्यामुळे जेवण लांबलं आणि मागे काय चाललंय ते कुणाच्या गावी नव्हतं. जेवून आले तेव्हा हौसा डोळे मिटून शांत बसली होती आणि तिचे हात पदराखाली होते.

दुपारभर काम चाललं. आधी जेलकोटचा गुळगुळीत थर, तो धरला की त्यावर चटया, रेझिन, रोलर, पुन्हा चटई. रेझिनचा वास असा, की नाकात दुसरं काही शिरायला जागाच नाही. संध्याकाळपर्यंत होडी पांढऱ्या कवचाखाली दडली. चांगले चार-सहा दिवस ते तसंच ठेवलं, घाई नको म्हणून. मग साचा सुटवायला घेतला. कडेने लाकडी पाचरी ठोकल्या, फटीत पाणी सोडलं. मागची बाजू कुरकुरत सुटली. मधला भाग सुटला. सुजयने टाळीच वाजवली. पुढे आले आणि साचा अडला.

नाळेपाशी तो हलेना. आणखी पाचरी ठोकल्या, कॉम्प्रेसरने हवा मारली, चौघांनी मिळून जोर लावला. काही नाही. दीपक खाली वाकला, फटीत पातळ पट्टी सरकवून बाहेर काढली. पट्टीवर तपकिरी, चिकट लगदा होता. धड वाळलाही नव्हता, धड सुटतही नव्हता. त्याने तो नाकाशी नेला. वास रेझिनचा नव्हता. तो वास त्याने लहानपणी रोज घेतला होता.

काजूच्या टरफलाचं तेल. मेणाच्या गडद चकाकीत ते वेगळं दिसलंच नव्हतं. मेणावरून ते फिरलं तर मेण खाऊन टाकणार, आणि वर रेझिन आलं तर त्याला वाळू देणार नाही. दोघंही आपापल्या जागी गुणी, पण एकमेकांचं अजिबात जमत नाही. वरच्या थरांनी मात्र त्या लगद्यातून वाट काढून उघड्या पडलेल्या लांबीला आणि लाकडाला पक्कं धरलं होतं.

तो तसाच स्कूटर काढून घरी गेला. हौसा ओटीवर आमसुलं निवडत होती.

"आये, तू होडीला तेल लावलंस?"

तिने वर बघितलं. लपवायचं काही कारणच नव्हतं तिला. "लावलां की. नाळेला. बरणीच्या तळाशी वाटीभर व्हतां, ता बाटलीत घालून आणलां. जाताना कोरड्या तोंडानं कशी पाठवायची? तुझ्या बापाची एक तरी होडी तशी गेली काय?"

"मला सांगायचंस तरी!" दीपक ओरडला. जन्मात आईवर ओरडला नव्हता, त्या दिवशी ओरडला. "साचा चिकटला तिथे! सगळं फुकट गेलं! एवढा मरमर मेलो मी, आणि तू वाटीभर तेल ओतून..." हौसाच्या हातातली आमसुलं तशीच राहिली. ती हळूच म्हणाली, "माला काय ठाऊक रे? चांगल्यासाठी लावलां." आणि तिने दोन्ही तळवे मांडीवर उलटे घातले. दीपकला एकदम स्वतःची लाज वाटली. तो ओटीच्या पायरीवर बसला आणि डोकं धरून रडला. लाकडासाठी, अण्णांसाठी, ओरडल्यासाठी, सगळ्याचसाठी एकदम.

त्याचं रडणं ओसरल्यावर हौसाने विचारलं, "मंग आता काय व्हतां?"

"दोन्ही नाही वाचत," दीपक म्हणाला. "साचा कापला तर होडी निघेल, पण साचा गेला. दुसरा काढायला ती टिकायची नाही, तेल मुरलंय आणि फळ्या हलल्यात. साचा वाचवायचा तर होडी आतून फोडून काढायला लागेल. तुकड्या-तुकड्यांनी. आणि मी तुला परत आणून देतो म्हणालोय."

हौसा उठली आणि आत जाऊन दोघांसाठी चहा घेऊन आली. आपल्या बशीतला सगळा संपवला. मग म्हणाली, "फोड."

"आये..."

"लाकूड काय, लाकूड रानातलां. तुझा बाप त्याला आकार द्यायचा. तेवढांच त्याचां. ता राख. आणि उद्या माला पण ने. तू एकटा नको फोडूस."

दुसऱ्या दिवशी दीपक होडीच्या पोटात शिरला आणि अण्णांनी ठोकलेला एकेक खिळा उपटू लागला. कुजक्या फळ्या सहज आल्या. जिथे लाकूड अजून निकोप होतं तिथे छिन्नी मारावी लागली, आणि तेच जास्त लागलं जिवाला. हौसा बाहेर स्टुलावर बसून निघालेले तुकडे एकावर एक रचत होती. मध्येच एखादी फळी हातात घेऊन म्हणायची, "ही बघ, ही फणसाची. ही साखरप्याहून आणलेली. पाऊस कसला व्हता त्या दिवशी." सुजय आणि बाकीचे बाहेर निघून गेले होते. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

नाळ शेवटी निघाली. मग साचा उलटा केला आणि दोघांनी आत वाकून बघितलं. रिकामा, चकचकीत, होडीच्या आकाराची पोकळी. फक्त पुढच्या टोकाला चिकट, सुरकुतलेला पट्टा, आणि त्यात चार बोटं ओढल्याच्या स्पष्ट खुणा.

दीपक त्या खुणांकडे बघत राहिला. म्हणाला, "आये, हे राहू दे का असंच? तुझा हात आहे."

"खुळा की काय!" हौसा कडाडली. "तेलाचा ओघळ जरी दिसला तरी तुझा बाप माला पुन्हा पुसायला लावायचा. घास ता. आरसा कर."

तेव्हा त्याने तो पट्टा खरवडला, पुसला, नव्याने भरला आणि घासला. पाण्याचा पॉलिश पेपर घेऊन हौसाही बसली. गोल गोल नाही, एकाच दिशेने घासायचं हे तिला सांगावं लागलं नाही. मेण लावायची वेळ आली तेव्हा दीपकने फडकं तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "हे लाव. कितीही लाव. फक्त घरून काही आणू नकोस."

पहिली होडी साच्यातून अलगद निघाली. निळीशार, हलकी, दोन माणसांनी सहज उचलावी अशी. तीच तर पंचाईत होती. लाकडाचं वजन नसल्यामुळे ती पाण्यावर फार वर बसणार आणि हलणार, हे दीपकला माहीत होतं, म्हणून त्याने तळाशी बसवायला रेतीच्या गोणी भरून ठेवल्या होत्या. भाट्याच्या खाडीत, भरती पुरती थांबलेली असताना, त्यांनी तिला पाण्यात लोटली. वारा नव्हता, पाणी तेलासारखं स्थिर होतं. दोन्ही वल्ह्यांवर दीपक बसला, पुढे शौनक, मागे हौसा. शौनक मोबाईल काढून फोटो घेत होता. हौसाने काठ दोन्ही हातांनी धरला होता आणि ती वाकून होडीच्या तळाकडे बघत होती, परक्या घरची भांडी बघावीत तशी. आकार तर तोच आला होता, मोजून घेतला होता दीपकने. पण आईच्या तोंडावर काहीच दिसेना. अण्णांची म्हणून ओळखायची तरी कशावरून? मेणासारखी गुळगुळीत, भुशाचा वास नाही, पाण्यावरचा आवाजसुद्धा वेगळा. एका होडीचा जीव घेऊन आपण शेवटी बालदीच केली, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

पलीकडच्या काठावरच्या माडावर नजर ठेवून त्याने वल्ही मारायला सुरुवात केली. थोडं पुढे जाऊन पाहतो तर माड उजवीकडे सरकलेला. आपलाच हात चुकला असेल म्हणून त्याने होडी सरळ केली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी शौनकने फोटो घ्यायचे थांबवले.

"काका, ही डावीकडे ओढतेय का?"

"नवी आहे रे," दीपक पटकन म्हणाला. "पाणी पिऊ दे जरा, चार दिवसांत बसेल."

आणि त्याची वल्ही हवेतच थांबली. फायबर पाणी पीत नाही. त्याच्या इतकं हे कुणाला माहीत असणार? हे वाक्य त्याचं नव्हतंच. अण्णांच्या होड्या डावीकडे ओढायच्या, सगळ्याच्या सगळ्या. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की अण्णा सांगायचे, नवी आहे, लाकूड पाणी पितंय, बसू दे. चार दिवसांनी आलं की म्हणायचे, तुझा हात वाकडा. त्यानंतरही आलं तर खाडीचा प्रवाहच तसा. एकटी हौसा त्यांना तोंडावर सांगत आली होती, की तुम्ही एक डोळा मिटून बघता म्हणून एक बाजू फुगते. पहिल्यांदा सांगितलं त्या रात्री अण्णा जेवले नव्हते. आणि आता लाकूड नव्हतं, पाणी पिणं नव्हतं, प्रवाह थांबलेला होता, आणि होडी कुणाचं न ऐकता डावीकडे निघाली होती.

मागून खुसखुस ऐकू आली. दीपकने बघितलं तर हौसा तोंडाला पदर लावून हसत होती, अंग गदगदत होतं. हसता हसता तिचे डोळे भरून आले, मग ती रडलीच. "जन्मभर सांगत व्हत्ये त्यांना," ती म्हणाली. "नाय म्हणाले ते नाय म्हणाले. आता बघा म्हणावां. आता कुणावर ढकलता?"

शौनक बिचारा गोंधळला होता. त्याला वाटलं आपल्या बोलण्याने म्हातारी दुखावली. "आजी, तसं काही नाही, छानच आहे. साच्यात दुरुस्त होईल ना, काका? पर्यटकांना सरळ जाणारी पाहिजे एवढंच."

"होईल," दीपक म्हणाला. एका बाजूने जराशी लांबी, थोडं घासकाम, दोन दिवसांचा प्रश्न. पण तो आईकडे बघून म्हणाला, "साचा एकच आहे, आये. तो सरळ केला की अण्णांची चूक गेली. परत यायची नाही."

हौसाने डोळे पुसले. "गिऱ्हाईकाला वाकडी होडी देऊ नये. त्याच्या सहाच्या सहा सरळ कर," ती म्हणाली. मग तिने काठावरून हात फिरवला, मघासारखा परका नाही, ओळखीचा. "ही माला दे. ती चूक माझ्याकडे ऱ्हाऊ दे. जन्मभर मीच सांभाळलीय."

शौनकने मान डोलावली. दीपकने होडी घराकडे वळवली. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याचा डावा हात उजव्यापेक्षा जरा जास्त जोर लावू लागला, लहानपणी अण्णांच्या होड्यांत लावायचा तसा, आणि होडी सरळ उंडीच्या झाडाच्या रोखाने निघाली.